नेट गेले, तरी आभाळाची वार्ता मिळते



सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, तो आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. बीड, धाराशिव, लातूर, जालना या जिल्ह्यांत नदीकाठची शेते खरवडून गेली आणि उभी पिके पाण्याखाली राहिली. आमचे गाव केज तालुक्यातील नांदूरघाट. निवृत्तीनंतर मी पुन्हा वडिलोपार्जित घरी राहावयास आलो आहे. घराला लागूनच पुतण्याची आडत आणि बी-बियाणे, खतांचे दुकान आहे. त्या दिवसांत नव्या उडदाचे कट्टे पत्र्याच्या शेडखाली थप्पी लावून ठेवलेले होते. शेडची एक बाजू उघडी आहे.

एके दिवशी दुपारी वीज गेली. सायंकाळपर्यंत मोबाइलची रेंजही मंदावत जाऊन नाहीशी झाली. पुतण्याच्या फोनवर हवामानाचे पान उघडेना. नुसते चक्र फिरत राहिले. तो मला म्हणाला, "काकाजी, सकाळपर्यंत तर नुसते ढगच दाखवत होते. रात्र निघून जाईल." माझ्या भाभीजी ओसरीत बसल्या होत्या. त्यांच्या उशाशी पंधरा वर्षांचा जुना ट्रान्झिस्टर असतो. त्या म्हणाल्या, "रेडिओवर आज-उद्या जोराचा पाऊस सांगितला आहे. कट्टे आत घ्या." आम्ही निम्मे कट्टे आत घेतले. अंधार पडला, हमाल घरी गेले, आणि "रेडिओवर रोजच पाऊस सांगतात" असे म्हणत उरलेले तसेच राहू दिले. रात्री वाऱ्यासह पाऊस आला. उघड्या बाजूकडील चाळीस कट्टे भिजले. तिसऱ्या दिवशी रेंज आली तोवर उडदाला मोड फुटले होते.

खरा धक्का त्यानंतर बसला. पुतण्याने संदेशांची पेटी उघडली, तेव्हा कर्जाच्या जाहिराती आणि रिचार्जच्या स्मरणपत्रांच्या गर्दीत, वीज जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आलेला इशाऱ्याचा एक एसएमएस न वाचलेला पडून होता. म्हणजे आभाळाची वार्ता आमच्या घरात एकदा नव्हे, दोनदा आली होती. दोन्ही वेळा ती इंटरनेटविना आली होती. आम्हांला ती ऐकण्याची सवय राहिली नव्हती, एवढेच.

त्या चाळीस कट्ट्यांनी मला हा लेख लिहावयास लावले.

'नेट नाही' म्हणजे नेमके काय नाही?

आपण सरसकट 'नेट गेले' असे म्हणतो; पण त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, इंटरनेट बंद आहे पण फोन लागतो आणि साधा संदेश येतो. दुसरी, टॉवरच बंद आहे. फोन, संदेश, काहीच नाही. मात्र रेडिओ चालतो. तिसरी, रेडिओचे सेलही संपले आहेत आणि आपल्याजवळ केवळ आपले डोळे, कान व लिहून ठेवलेली टिपणे आहेत. प्रत्येक पायरीवर वेगळे साधन उपयोगी पडते. टॉवरला बॅटरीचा आधार असला तरी तो काही तासांचाच असतो, म्हणून वादळी पावसात पहिली पायरी पाहता पाहता दुसरी होते. व्यापाऱ्याने तिन्ही पायऱ्यांची तयारी मृगाआधीच करून ठेवावी.

इंटरनेटच्या आधीचा अंदाज

नव्या पिढीला वाटते की हवामानाचा अंदाज मोबाइलसोबत आला. वस्तुतः १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकात रॉबर्ट फिट्झरॉय यांनी केलेला दैनंदिन अंदाज प्रथम छापला गेला. त्या काळी निरीक्षणे तारेने येत आणि बंदरांवर उंच खांबाला शंकूच्या आकाराच्या खुणा टांगून जहाजांना वादळाचा इशारा दिला जाई. आपल्या कोकण किनाऱ्यावर आजही 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला' ही बातमी आपण वाचतो. तो बावटा त्याच परंपरेतला आहे. नाखव्याला वाचता येवो वा न येवो, खांबाकडे पाहिले की त्याला कळते.

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. १९२८ मध्ये त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते मुख्यालय दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकरांच्या मनात 'सिमला ऑफिस' म्हणूनच राहिली. १९३२ साली पुण्यातच कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले, आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वार्तापत्र प्रसारित होऊ लागले. म्हणजे रेडिओवरील हा अंदाज आपल्या स्वातंत्र्याहूनही वयाने थोर आहे.

पंचांगातले काय घ्यावे, काय सोडावे

आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक टांगलेले असते. नवकारसी कधी पाळावी, चौविहारासाठी जेवण केव्हा उरकावे, हे आपण त्यावर पाहतो. वर्षभराचे कोष्टक आधीच छापता येते आणि ते चुकत नाही, कारण सूर्याची गती गणिताने बांधलेली आहे. त्या कोष्टकाला इंटरनेटची गरज नाही. त्यामुळे पावसाचेही असेच कोष्टक असावे असे मनास वाटणे स्वाभाविक आहे.

पंचांगात नक्षत्राचे वाहन दिलेले असते ते याच इच्छेतून. त्याची रीत पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो. सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो, तेथपासून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावे आणि येणाऱ्या संख्येस नऊने भागावे. बाकी एक उरल्यास घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव आणि शून्य उरल्यास हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की ओढ. लहानपणी वडील हे वाचून दाखवीत तेव्हा आम्ही मुले बेडकासाठी हट्ट धरीत असू.

परंतु गणिताचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही बाकी नांदूरघाटला जी येते, तीच रत्नागिरीलाही येते. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आपल्या बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या आसपास आहे. ज्या सूत्रात गावाचे नावच नाही, ते सूत्र आपल्या शेडविषयी काय सांगणार? वाहन आनंदाने वाचावे, मुलांना सांगावे; पण त्यावर माल उघड्यावर ठेवू नये. नक्षत्रांच्या तारखांचा उपयोग मात्र निश्चित आहे. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. ही आपली पिढ्यान्पिढ्यांची कामांची दिनदर्शिका आहे आणि ती खरी आहे. साधुसाध्वींचा विहार थांबून चातुर्मास एका ठायी होतो, तोही ऋतूच्या याच भरवशावर. ऋतू सांगता येतो; अमुक रात्री पाऊस पडेल की नाही, हे मात्र रोजच्या रोज पाहावे लागते.

रेडिओची भाषा

माझ्या मते दुसऱ्या पायरीवरचे, म्हणजे टॉवर बंद पडल्यावरचे, सर्वांत विश्वासू साधन आजही रेडिओच आहे. बीड येथे आकाशवाणीचे एफएम केंद्र आहे. छत्रपती संभाजीनगर आणि परभणी येथील केंद्रेही आपल्याच प्रदेशातील. मध्यम लहरी दूरवर पोहोचतात. एफएम साधारणपणे समोरासमोरच्या टापूत ऐकू येते, म्हणून डोंगराआड ते क्षीण होते. बालाघाटाच्या कुशीतल्या गावांनी म्हणूनच दोन्ही पट्टे असलेला, सेलवर चालणारा संच घ्यावा आणि तो कोणत्या खोलीत, कोणत्या दिशेला नीट लागतो हे आधीच पाहून ठेवावे. अनेक साध्या मोबाइलमध्ये एफएमची सोय असते. इअरफोनची तार हाच त्याचा अँटेना असतो. मोबाइल कंपन्यांनी ही सोय बंद करू नये, आपत्तीत ती उपयोगी पडते, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यांना कळविले होते. मात्र ॲपवरून ऐकलेला रेडिओ हा इंटरनेटचाच रेडिओ असतो, हे विसरू नये.

"रेडिओवर रोजच पाऊस सांगतात" ही आमची समजूत का झाली, याचा मी नंतर विचार केला. कारण असे की त्या शब्दांचा अर्थच आम्हांला ठाऊक नव्हता. हवामान विभागाची भाषा बँकेच्या भाषेसारखी असते. प्रत्येक शब्दामागे आकडा असतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पंचवीस ते पन्नास टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पन्नास ते पंच्याहत्तर, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून अधिक. तुरळक ठिकाणी पाऊस सांगितला आणि आपल्या गावी पडला नाही, तर अंदाज खोटा ठरत नाही; चार गावांपैकी तीन कोरडी राहणारच होती.

तसेच पावसाच्या जोराचे आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'अतिजोरदार', आणि त्यापुढे 'अत्यंत जोरदार'. रंगांचा क्रमही लक्षात ठेवावा. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे कृती करा. भाभीजींनी ऐकलेल्या बातमीत 'बऱ्याच ठिकाणी' आणि 'जोरदार' हे दोन्ही शब्द होते, असे त्या नंतर म्हणाल्या. ते आम्ही नीट ऐकले असते, तर हमालांना तासभर थांबवून घेतले असते.

साध्या फोनवर येणारी वार्ता

टॉवर चालू आहे पण इंटरनेट नाही, अशा वेळी तीन मार्ग उरतात.

पहिला एसएमएस. केंद्र शासनाची एम-किसान सेवा जुलै २०१३ पासून सुरू आहे. नोंदणीकृत शेतकऱ्यांना पीक आणि हवामानाचे सल्ले संदेशाने येतात. २०२५ च्या खरिपात मान्सून केव्हा पोहोचेल याचा, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने काढलेला अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना अशाच साध्या संदेशाने कळविण्यात आला. संगणक कितीही मोठा असो, शेवटचा कोस एसएमएसनेच चालला, हे विशेष.

दुसरा मार्ग आपत्तीच्या इशाऱ्याचा. 'सेल ब्रॉडकास्ट' या पद्धतीत टॉवरच्या टापूत असलेल्या सर्व फोनवर एकाच वेळी संदेश झळकतो आणि वेगळाच मोठा आवाज होतो. २०२३ मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या. तेव्हा अनेक दुकानांत एकदम सगळे फोन वाजून लोक दचकले होते. त्यास आपला क्रमांक कोठे नोंदवावा लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे बंद तर केलेले नाहीत ना, एवढे घरातील प्रत्येकाच्या फोनवर तपासावे.

तिसरा मार्ग विचारण्याचा. किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क आहे. २००४ पासून ही सेवा चालू असून सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत उत्तर मिळते. एम-किसानची नोंदणीही तेथे करता येते.

समुद्रावरील बांधवांची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले, तेव्हा खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचविण्याचे साधनच नव्हते. किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की मोबाइल बंद. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचे छोटे यंत्र आले. ते उपग्रहाकडून थेट संदेश घेते आणि ब्लूटूथने मच्छीमाराच्या फोनवर दाखविते. फोनला रेंज नसली तरी चालते. आपल्या जमिनीवर तेवढ्याची गरज नाही. परंतु वार्ता पोहोचविणे हे वार्ता काढण्याइतकेच महत्त्वाचे आहे, हा धडा तोच आहे.

आम्ही घरात आणखी एक व्यवस्था केली. पुतण्याची मुलगी पुण्यास शिकते. पावसाळ्यात ती रोज रात्री आठ वाजता बीड जिल्ह्याचा अंदाज पाहून एका ओळीचा साधा एसएमएस पाठविते : किती ठिकाणी, किती जोर, विजा आहेत की नाहीत, वारा किती, आणि अंदाज केव्हा दिला गेला. व्हॉट्सॲप नव्हे, साधा संदेश. कारण क्षीण रेंजमध्येही तो वाट काढतो. दूर शिकणाऱ्या लेकीला घरच्या धंद्याशी जोडून ठेवणारा हा एक छोटा धागाही झाला.

साठवलेल्या अंदाजावर तारीख हवी

मी १९८३ साली बँकेत रुजू झालो तेव्हा सर्व व्यवहार खातेवहीवर चालत. नंतर संगणक आले, शाखा एकमेकींशी जोडल्या गेल्या, आणि 'लिंक नाही' हे वाक्य जन्मास आले. लिंक गेली की ग्राहक रांगेत ताटकळत. एका शाखेत आम्ही दिवस संपताना सर्व खात्यांच्या शिलकेची छापील यादी काढून ठेवत असू. दुसऱ्या दिवशी लिंक नसली तर त्या यादीवरून निकडीचे काम चाले. परंतु यादीच्या माथ्यावर तारीख आणि वेळ ठळक असे, आणि जुन्या यादीवर पैसे देण्याची कोणास परवानगी नसे.

हवामानाचेही तंतोतंत असेच. सकाळी नेट असताना पुढील पाच दिवसांचा अंदाज उघडून त्याचे चित्र फोनमध्ये जतन करावे, अथवा वहीत उतरवून घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरील पाच दिवसांचा अंदाज पंचायतींच्या संगणकीय व्यवस्थेत उपलब्ध होऊ लागला आहे. तो छापून फलकावर लावावा अशी विनंती आपण ग्रामपंचायतीस करू शकतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला प्रसिद्ध होतो. तोही उतरवून ठेवण्यासारखा आहे.

मात्र उतरवताना 'केव्हा दिलेला' हे लिहिल्यावाचून सोडू नये. पुतण्या "सकाळपर्यंत नुसते ढगच दाखवत होते" म्हणाला, ते खोटे नव्हते. फोनने जुनेच पान जपून ठेवले होते. तो अंदाज दोन दिवसांचा शिळा होता आणि तसे त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलेही होते. पहिल्या दिवसाचा अंदाज बराच भरवशाचा असतो, पाचव्या दिवसाचा कमी. नेट येताच जुने पान पुसून नवे लिहावे.

आपल्या अंगणातील मोजमाप

सर्व मार्ग बंद झाले तरी काही गोष्टी स्वतः मोजता येतात. सपाट तळाचे, उभ्या सरळ भिंतीचे कोणतेही भांडे आणि मिलिमीटरची पट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक होतो. भांडे भिंतीपासून आणि झाडापासून दूर, मोकळ्यावर ठेवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता मोजून वहीत लिहावे व भांडे रिकामे करावे. हवामान विभागाचा चोवीस तासांचा दिवसही तेव्हाच संपतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. गोदामाचे छप्पर शंभर चौरस मीटर असेल आणि ६५ मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेसहा हजार लिटर पाणी पन्हाळ्यांतून गेले पाहिजे. हा हिशेब केला की पन्हाळे साफ करण्याची निकड आपोआप कळते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे शासनाच्या निकषाने अतिवृष्टी. तिची अधिकृत नोंद महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्रावरून होते. आपली वही त्याची जागा घेऊ शकत नाही, पण आपल्या दारात काय झाले ते सांगते.

काही फोनमध्ये हवेचा दाब मोजण्याचे उपकरण असते आणि ते नेटविना चालते. त्यात एक फसगत टाळावी. आपल्या प्रदेशात दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन एककांनी उतरतो. तो उतार वादळाचा नव्हे, दिनक्रमाचा आहे. आजच्या चार वाजताचा आकडा कालच्या चार वाजताच्या आकड्याशी ताडून पाहावा. तो बराच खाली असेल तर सावध व्हावे.

विजांसाठी डोळे आणि कान पुरेसे आहेत. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम थांबवून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. हमाल आणि गाडीवान आपल्या सांगण्यावरून उघड्यावर उभे असतात. त्यांचा जीव ही आपली जबाबदारी आहे. मध्यम लहरींवर लावलेला रेडिओ दूरच्या विजांच्या वेळी खर् खर् करतो, हेही एक फुकटचे सूचक यंत्रच होय.

दुकानाचा काळा फळा

आता मुख्य गोष्ट. भिजलेल्या कट्ट्यांचे नुकसान आमचे आम्ही सोसले. पण बी-बियाण्याच्या दुकानदाराची चूक त्याच्या एकट्याच्या अंगावर येत नाही.

मे २०२५ मध्ये राज्यात अवकाळी पाऊस विलक्षण झाला. २४ मे रोजी मान्सून केरळात आला, दोन दिवसांत मुंबईपर्यंत पोहोचला, आणि मग मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल रेंगाळली. पेरणीची घाई करू नका, असे कृषी खात्याने आवाहन केले होते. विद्यापीठाचा नेहमीचा सल्लाही स्पष्ट आहे : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून खरिपाची पेरणी करू नये. पण त्या दिवसांत दुकानासमोर गर्दी असते. भिजलेली जमीन पाहून शेतकरी उतावीळ झालेला असतो आणि बियाणे विकण्यास दुकानदारही उत्सुक असतो. अशा वेळी 'थांबा' म्हणणारा कोण?

कर्ज विभागात मी पुष्कळ वर्षे काढली. थकीत पीककर्जाच्या कहाण्या ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येई : पहिली पेरणी उगवली नाही, दुबार पेरणीसाठी उधारी केली. सोयाबीनला एकरी साधारण तीस किलो बियाणे लागते. ते दोनदा विकले तर दुकानदाराच्या वहीत विक्री दुप्पट दिसते, पण उधारीही दुप्पट होते आणि ती वसूल करावयाची त्याच माणसाकडून, ज्याचा हंगाम हातचा गेला आहे. अशी विक्री जमेच्या बाजूस लिहिता येईल. नफा म्हणता येणार नाही.

म्हणून यंदा आम्ही दुकानाच्या दर्शनी भागी काळा फळा लावला आहे. पूर्वी त्यावर धान्याचे भाव लिहीत. आता डाव्या अंगाला भाव आणि उजव्या अंगाला हवामान. रोज सकाळी पुतण्या खडूने लिहितो : आपल्या अंगणात काल किती मिलिमीटर, हंगामात एकूण किती, रेडिओवर किंवा संदेशात काय सांगितले, आणि ते केव्हाचे. खाली एक ओळ : 'पेरणीयोग्य पाऊस अजून झालेला नाही' किंवा 'झाला आहे'. आपल्या मनाचे काही लिहावयाचे नाही, वाढवून नाही, कमी करून नाही. वजनात खोट करू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकविले आहे. फळ्यावरचा मिलिमीटर हेही एक वजनच आहे.

पहिल्या आठवड्यात पुतण्या जरा धास्तावला होता. "काकाजी, आपणच 'थांबा' लिहायचे आणि समोरच्या दुकानात गिऱ्हाईक जायचे, असे होईल." काही गिऱ्हाईक गेलेही. ते मी नाकारीत नाही. पण ज्यांच्याजवळ फोन आहे पण नेटचा रिचार्ज नाही, ज्यांना वाचता येते पण ॲप उघडता येत नाही, असे लोक फळ्यासमोर थांबू लागले. एका वृद्ध शेतकऱ्याने फळा वाचून पिशवी पुन्हा काखेला मारली आणि म्हणाले, "बरं झालं भाऊ, चार दिसांनी येतो." ते चार दिवसांनी आले की नाही, हे महत्त्वाचे नाही, त्यांचे बियाणे कोरड्या मातीत पडले नाही.

आपल्या समाजाची दुकाने मराठवाड्यातील लहान-मोठ्या बाजारगावी आहेत. प्रत्येक दुकानावर एक फळा, घरात सेलवर चालणारा एक रेडिओ, अंगणात एक सरळ भांडे, आणि दूर राहणाऱ्या मुलाबाळांचा रोजचा एक ओळीचा संदेश, यांस मोठा खर्च नाही. सवय मात्र लावावी लागते, आणि ती आभाळ निरभ्र असतानाच लावावी लागते.

भाभीजींच्या ट्रान्झिस्टरला आम्ही नवे सेल आणून दिले. पूर्वी बातम्यांच्या वेळी त्यांना आवाज कमी करावयास सांगत असू. आता सकाळी बातम्या लागल्या की पुतण्या खडू हातात घेऊन ओसरीत येऊन बसतो आणि म्हणतो, "भाभीजी, जरा मोठा करा."